मॅडमचे सात थेंब

मॅडमच्या पोटाखाली पत्र्याचा एक ट्रे असे आणि त्या ट्रेमध्ये रोज वर्तमानपत्राचा ताजा कागद. सकाळी सहाला बाबा चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये येत, गुडघ्यावर हात टेकून कण्हत वाकत आणि कागदावरचा तेलाचा डाग न्याहाळत. डाग दिसला की मान डोलावत. "गळतंय," ते म्हणत. "गळतंय म्हणजे आत तेल आहे. तेल आहे म्हणजे बाई ठणठणीत आहे." मगच चहाचा पहिला घोट घशाखाली उतरे.

मॅडम म्हणजे मोटरसायकल. अमेरिकन, वयानं बाबांपेक्षा दोन वर्षांनी थोरली, लष्करानं भंगारात काढलेली आणि बाबांनी चोविसाव्या वर्षी हातगाडीवर घालून घरी आणलेली. तिला एक साइडकारही होती. तिचे लाड घरात इतके चालत की आई तिचा उल्लेख 'माझी सवत' असाच करी, आणि ती थट्टा आहे असं ज्यांना वाटे त्यांनी आईचा चेहरा नीट पाहिलेला नसे.

बाबा जन्मभर कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंड फिरवायचं आणि त्याला हवा तो आकार द्यायचा, हे त्यांचं काम. आणि घरी आल्यावर शब्द फिरवायचे नाहीत, हा त्यांचा बाणा. निदान असं ते सांगत. ओठावर गच्च, दोन्ही टोकांना वर वळलेली मिशी होती, आणि त्या मिशीवर एक पैज लागलेली होती. लग्न ठरताना आईच्या वडिलांनी, जे स्वतः पक्के गॅरेजवाले होते, मॅडमभोवती दोन फेऱ्या मारून विचारलं होतं, "सगळं मूळचं आहे का हो?" बाबांनी छातीवर हात मारला होता. "हिच्या अंगात एक स्क्रू जरी अमेरिकेबाहेरचा निघाला, तर ही मिशी उतरवून तुमच्या हातावर ठेवीन!"

आता तरुणपणी माणूस काय काय बोलतो, विशेषतः भावी सासऱ्यासमोर. पण बाबांनी ते वाक्य पन्नास वर्षं सांभाळलं. सासरे जाऊन तीस वर्षं झाली तरी सांभाळलं. कुठलाही भाग हवा असला की अमेरिकेच्या कॅटलॉगमधून मागवायचा, चार-चार महिने वाट बघायची, आणि तोवर कोणी 'अहो, तसाच दुसरीकडचा मिळतो, दोन दिवसांत येईल' म्हणालं तर त्याच्याशी चार महिने बोलायचं नाही. "अमेरिकन बाईला अमेरिकनच रक्त चढवावं लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांच्या दोन मुलींपैकी थोरलीनं संसार केला आणि धाकटीनं गॅरेज. धाकटी आता त्रेचाळीस वर्षांची होती, तरी धाकटीच. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून घराला लागून असलेलं ते गॅरेज तीच चालवे. बाबा स्टुलावर बसून चुका काढत. तिच्या चुका फारशा निघत नसत, म्हणून ते तिच्या पाना धरण्याच्या पद्धतीवर बोलत.

तर यंदा आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती आणि बाबांनी जेवताना जाहीर केलं, "त्या दिवशी मी हिला मॅडमवरून दीपगृहाला नेणार."

आईचा घास हातातच राहिला. या दीपगृहाचा मोठा इतिहास होता. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बाबा आईला साइडकारमध्ये बसवून तिकडे निघाले होते. टेकडीवरून खाली समुद्रापर्यंत अकरा वळणांचा उतार. चौथ्या वळणावर मॅडमनं मान टाकली आणि नव्या नवरीला विटांच्या ट्रकमधून घरी परतावं लागलं. गाडी ट्रकमध्ये उभी, आई विटांवर बसलेली. नंतर कधी मुली झाल्या, कधी कामं निघाली, कधी मॅडम रुसली. दीपगृह राहूनच गेलं. आईनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त घरात कुठं वीट दिसली की ती बाबांकडे बघे.

"या वेळी न्याल ना?" आईनं विचारलं. नुसतं एवढंच. पण धाकटीनं आईचा आवाज ऐकला आणि तिला कळलं की या बाईला खरोखर जायचं आहे, आणि पन्नास वर्षांपासून जायचं आहे.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं मॅडमचं मागचं चाक उघडलं आणि हातातला पाना खाली ठेवला. चाकाला आतून घासून ते थांबवणारे ब्रेकचे शू तेलानं माखून काळेभोर झाले होते. गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याभोवती तेल अडवायला एक रबरी कडं असतं, त्याला सील म्हणतात. हे सील गळत होतं, तेल चेनवर, चेनवरून चाकावर, चाकावरून ब्रेकमध्ये. सपाट रस्त्यावर चालून जातं. अकरा वळणांच्या उतारावर, साइडकारमध्ये आई बसलेली असताना, चालणार नव्हतं. कॅटलॉगमधल्या अमेरिकन शूचा साठा कधीच संपला होता. बाबांनी जपून ठेवलेली जी शेवटची जोडी होती, ती इतकी जुनी होती की नखानं टोकरली तर कागदासारखे पापुद्रे निघत.

तिनं बाबांना सांगून पाहिलं. "बाबा, इटलीचे शू मिळतात. नवे. चांगले."

"आणि माझी मिशी?"

"बाबा, आजोबा आता नाहीत मिशी मागायला."

"ते नाहीत म्हणून मी खोटं वागू?" बाबा असे काही दुखावले की धाकटीला आपणच थोबाडीत मारल्यासारखं वाटलं. विषय तिथं संपला. म्हणजे तो बाबांपुरता संपला. धाकटीनं त्याच दुपारी इटलीहून शू मागवले, तैवानहून सील मागवलं आणि दोन्ही खोक्यांवर एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरचं नाव लिहून ठेवलं. बाबा दातांच्या डॉक्टरकडे गेले त्या दिवशी तिनं दोन्ही बसवून टाकले. ज्या बापानं तिला हत्यारं हातात धरायला शिकवलं, त्याच्याच पाठीमागं. वाईट वाटलं का? वाटलं. थांबली का? मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. जुनं अमेरिकन सील त्याच्या घरात, म्हणजे ते ज्या खाचेत बसतं तिथं, बोटानं हलत होतं. बाबांनी त्याच्याभोवती रेशमी दोरा गुंडाळून वर लाख लावलेली. तिनं सील मागवण्यापूर्वी ते घर व्हर्नियरच्या मापपट्टीनं मोजलं होतं, तर आकडा आला बरोबर बासष्ट मिलिमीटर. इंचात जन्मलेल्या गाडीत असा मिलिमीटरचा पूर्ण आकडा! तैवानचं सील तर असं टचकन बसलं की जणू त्याच घरात जन्मलं होतं. नवल करण्यासारखीच गोष्ट होती. पण चोरी करणाऱ्याला नवल करायला सवड नसते. तिनं झाकण लावलं, हात धुतले आणि साळसूदपणे बाबांच्या दाताची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बाबा वाकले आणि वाकलेलेच राहिले.

कागद कोरा होता. कालच्या हवामानाचा अंदाज स्वच्छ वाचता येत होता.

"गळत नाहीये," बाबा म्हणाले. चहा हातातच थंड झाला. त्यांनी तेलाची पातळी बघितली, तेल भरपूर. साधा माणूस खूश झाला असता. बाबांचा चेहरा उतरला. "आत काहीतरी अडलंय. पन्नास वर्षांत असं झालं नाही. अशा गाडीवर तुझ्या आईला कशी बसवू?"

आता हसावं की रडावं ते धाकटीला कळेना. ज्या गळतीनं सहल धोक्यात येणार होती ती थांबवली, तर न गळण्यानं सहल बुडायची वेळ आली! पण तिनं त्यावरही उपाय शोधला. संध्याकाळी बाबा पाय मोकळे करायला गेले की ती बिनसुईची एक सिरिंज घेई, त्यात जुनं काळं तेल ओढून घेई आणि कागदावर, नेमक्या जागी, सात थेंब सोडी. सातच, कारण मॅडमचा रोजचा डाग साधारण सात थेंबांचा असे. इतकी वर्षं बघून तिलाही तो पाठ झाला होता. थेंब टाकताना ती स्वतःशीच म्हणे, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पहिल्या सकाळी बाबांचा चेहरा खुलला. "मोकळी झाली!" त्यांनी दोन कप चहा प्यायला. दुसऱ्या सकाळी ते जरा जास्त वेळ वाकून राहिले. तिसऱ्या सकाळी त्यांनी चष्मा पुसला. चौथ्या सकाळी धाकटीला हाक मारली.

"हा डाग बघ. दुप्पट झालाय. आणि रंग बघ. इकडे काळं, तिकडे हे फिकट. दोन वेगवेगळी तेलं गळतायत!" बाबांचा आवाज कापत होता. "हिच्या आत काहीतरी फुटलंय. रविवारी मी स्वतः उघडणार."

धाकटीला घाम फुटला. तिचं तेल काळं होतं. मग हे फिकट कुठून आलं? तिची पहिली शंका अर्थातच तैवानवर गेली. खाई त्याला खवखवे. बाबा आत जाताच तिनं गाडीखाली घुसून बोट फिरवलं. झाकण कोरडं ठणठणीत. मग तिनं कागद नाकाशी नेला, फिकट डागाचा वास घेतला आणि तशीच मांडी घालून जमिनीवर बसली. तो वास तिच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा होता. शिलाई मशीनचं तेल. आणि घरात शिलाई मशीन एकच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ती टायरांच्या थप्पीमागं जाऊन उभी राहिली. पाच मिनिटांत दार किलकिलं झालं. पदर खोचून, चष्मा न लावता, हातात कानाच्या औषधाची रिकामी बाटली घेऊन आई आली. सवतीच्या शेजारी बसली आणि ड्रॉपरनं थेंब टाकू लागली. ओठ हलत होते. पाच, सहा, सात...

"सात झाले, थांब," टायरांमागून धाकटी म्हणाली.

आईच्या हातून आठवाही पडला. "मेले, जीव घेशील का माझा!"

"आई, तू काय करतेयस?"

"तू टायरांत काय करतेयस?"

मग धाकटीनं खिशातून सिरिंज काढून दाखवली. आईनं ती पाहिली, आपल्या हातातली बाटली पाहिली, आणि तोंडावर पदर दाबून इतकी हसली की तिला स्पॅनरच्या कपाटाला धरावं लागलं.

"चष्म्याशिवाय मला काय दिसतंय! मला काय माहीत तुझे आधीच पडलेत म्हणून. कागद कोरा बघून त्यांचं तोंड असं झालं होतं... म्हटलं, चार थेंबांनी माणूस खूश होत असेल तर आपलं काय जातंय."

"पण तुला कळलं कसं की मी सील..."

"काय कळलं कसं?" आईनं एकदम चेहरा कोरा केला. "मला काही कळत नाही तुमच्या गाडीतलं." आणि ती बाटली पदरात बांधून निघून गेली. आपली आई काहीतरी गिळून बसली आहे, हे धाकटीनं ओळखलं. पण रविवार दोन दिवसांवर आला होता आणि तिला दुसरीच चिंता होती.

चिंता अशी. बाबा गिअरबॉक्स उघडणार म्हणजे सील बघणार. सील परकं निघालं की सगळ्या गाडीवर संशय घेणार, मागचं चाक काढणार, इटलीचे शू फेकून देणार आणि ते जुने पापुद्रे सुटलेले शू लावून आईला अकरा वळणं उतरवणार. कारण ते तिला न्यायचं तर सोडणार नाहीत. आता तर नाहीच. त्यांचा स्वभाव तिला माहीत होता, आणि तो तिच्यातही पुरेपूर उतरला होता. तिनं शनिवारी संध्याकाळी सील उघडं केलं, त्यावरची अक्षरं पात्यानं खरवडली, ग्रीस आणि काजळी कालवून वरून फासली. ते आता शंभर वर्षांचं दिसत होतं. जरा जास्तच म्हातारं दिसत होतं, पण वेळ नव्हता.

रविवारी बाबा धुतलेला डगला घालून आले. स्टुलावर न बसता सरळ मॅडमसमोर जमिनीवर बसले. हात थरथरत होते, पण पाना नटावर टेकला की थरथर थांबे. हे धाकटीनं पूर्वीही पाहिलं होतं. झाकण निघालं. बाबांनी सील पाहिलं. रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं घेतलं आणि एकदाच फिरवलं.

तिची सगळी काजळी फडक्यावर आली. खाली नवंकोरं, निळसर रबर चमकायला लागलं.

"हे अमेरिकन नाही," बाबा म्हणाले.

"नाही."

"कुठलं आहे?"

"तैवानचं." आणि मग धाकटीला राहवेना. इतके दिवस मूग गिळून बसलेली, ती एकदम सुटली. "आणि ब्रेकचे शू इटलीचे आहेत! मीच लावलेत. चोरून लावलेत. तुमचे ते जुने शू नुसते हातात धरले तरी पापुद्रे सुटत होते, बाबा. त्यांच्यावर तुम्ही आईला खाली नेणार होतात. रोजचा डागही मीच टाकत होते. मिशी तुमची आहे, मान्य. पण आई माझी आहे!"

धाकटी वाट बघत होती, आता पाना फेकतील, आता उठून जातील. बाबांनी हात पुढं केला. "व्हर्नियर दे."

तिनं दिलं. बाबांनी सील अलगद बाहेर काढलं आणि ज्या घरात ते बसतं ते मोजलं. आकडा वाचायला व्हर्नियर डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं. वाचण्याची त्यांना काही गरज नव्हती, हे तिला नंतर कळलं.

"बासष्ट," ते म्हणाले.

"हो. मलाही नवल वाटलं. अमेरिकन गाडीत..."

"हे घर अमेरिकन नाही."

धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"हे मी केलंय," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "कारखान्याच्या लेथवर, जेवणाच्या सुट्टीत. गाडी आणली तेव्हा हिचा अर्धा संसार गायब होता. अमेरिकन सील दोन पूर्णांक सात सोळांश इंचाचं. म्हणजे एकसष्ट पूर्णांक एक्याण्णव मिलिमीटर. माझ्या लेथवर मिलिमीटरच्या खुणा. एक्याण्णव कशाला, म्हटलं, बासष्ट करून टाकू. केसाचा तर फरक. पंचवीस वर्षांचा होतो गं. अक्कल केसाएवढीच होती."

"म्हणजे अमेरिकन सील यात कधीच..."

"कधीच घट्ट बसलं नाही. बसणारच नव्हतं. पन्नास वर्षं गळलं ते म्हणून. मिलिमीटरचं सील आणलं असतं तर पहिल्याच दिवशी थांबलं असतं. पण ते अमेरिकेत मिळत नाही. आणि मी तर तुझ्या आजोबांसमोर छाती ठोकून बसलो होतो." बाबांनी मिशीवरून हात फिरवला, जणू ती जागेवर आहे ना हे बघत. "मग रोज सकाळी वाकून बघायचो. गळतंय म्हणजे बिंग फुटलेलं नाही."

धाकटी हळूच त्यांच्याशेजारी बसली. "अजून काय काय तुम्ही केलंय?"

बाबांनी बोट दाखवायला सुरुवात केली. किकचा दांडा. गिअरचे दोन दात नव्हे, दोन अख्खे गिअर. पुढचा अ‍ॅक्सल. साइडकारचे सगळे सांधे. बोट फिरतच राहिलं. ज्या ज्या भागाला त्यांनी लहानपणी तिला हात लावू दिला नव्हता, 'अमेरिकन आहे, लांब हो' म्हणून दटावलं होतं, त्या त्या भागावर ते थांबत होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

"मग हिच्यात अमेरिकन आहे तरी काय, बाबा?"

बाबांनी बराच विचार केला. "टाकी. आणि हॉर्न."

"हॉर्न वाजत नाही."

"म्हणून तर हात लावला नाही."

धाकटी हसायला लागली. बाबा हसले नाहीत. "तुझ्या आईला सांगू नकोस," ते म्हणाले, आणि त्या म्हाताऱ्या, भरदार मिशीच्या माणसाचे डोळे भरून आले. "तिनं माझ्या शब्दावर लग्न केलंय."

"शब्दावर?" दारातून आवाज आला. आई चहाचे तीन कप घेऊन उभी होती, आणि चहावर साय धरली होती, म्हणजे बराच वेळ उभी होती. "तुमच्या शब्दावर कोण लग्न करणार? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

बाबांनी हातातलं व्हर्नियर खाली ठेवलं.

"माझे वडील गॅरेजवाले होते, आंधळे नव्हते. तुम्ही चहा प्यायला आत गेलात तेव्हा ते गाडीखाली वाकून आले. घरी जाताना मला म्हणाले, पोरगं थापाडं आहे. गाडीत निम्मं घरचं लेथकाम आहे. पण काय काम आहे! असा हात असलेला माणूस तुला उपाशी ठेवणार नाही, हो म्हण. म्हणाले, एका ठिकाणी तेवढं केसभर सैल ठेवलंय, तिथून गळणार. ते त्याला कधी विचारू नकोस." आईनं कप खाली ठेवले. "मी म्हटलं, सैल आहे तर कसं हो चालेल? तर म्हणाले, चालतं. नवरा केसभर सैलच बरा."

"पन्नास वर्षं..." बाबा पुटपुटले.

"पन्नास वर्षं मी विचारलं नाही. परवा कागद कोरा दिसला. म्हटलं, आता हे उघडणार, आणि लेकीसमोर यांचं पितळ उघडं पडणार. मला माहीत असलेलं वेगळं. पण तिच्यासमोर तुमची मान खाली जायला नको. म्हणून टाकत होते थेंब." मग ती धाकटीकडे वळली. "आणि ही बया तुमची मान वर राहावी म्हणून टाकत होती. गाडी गळायची राहिली आणि सगळं घर गळायला लागलं!"

बाबा खाली मान घालून बसले होते. मग त्यांनी सील उचललं, फुंकर मारून पुसलं आणि स्वतःच्या हातानं त्या बासष्ट मिलिमीटरच्या घरात दाबलं. टच असा आवाज आला. पन्नास वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या घराला पहिल्यांदाच त्याचं माप भेटलं होतं. "चांगलं आहे," ते म्हणाले. "कोण आहेत ते तैवानचे, त्यांना काम येतं."

पुढच्या रविवारी, लग्नाच्या वाढदिवशी, सकाळी धाकटी गॅरेजमध्ये आली तर मॅडमजवळ एक अनोळखी माणूस उभा होता. नाकाखाली पांढुरकी, कधी ऊन न लागलेली पट्टी. एका कागदाच्या पुडीत काहीतरी बांधून त्यानं हातात धरलं होतं.

"बाबा!"

"पैज ती पैज," बाबा म्हणाले. ओठ उघडा पडल्यामुळे त्यांचा आवाजही नवा वाटत होता. त्यांनी पुडी आईच्या हातावर ठेवली. "वडिलांना द्यायची होती. तू घे."

आईनं पुडी उघडून पाहिली, परत बांधली आणि पर्समध्ये टाकली. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे जरा वेळ बघून म्हणाली, "बरे दिसता. आधी का नाही हरलात?" आणि साइडकारमध्ये चढून बसली.

धाकटी स्कूटरवरून मागं मागं होती. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. चौथ्यावर बाबांनी मुद्दाम वेग कमी केला आणि आईनं रस्त्याच्या कडेकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं; बहुधा विटांचंच. सातव्या वळणावर एक ट्रक अचानक समोर आला. धाकटीनं स्कूटरचा ब्रेक दाबला. मॅडमचं मागचं चाक चरचरलं, गाडी जागच्या जागी उभी राहिली, ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. बाबांनी मागं वळून लेकीकडे पाहिलं. मग दोन बोटं वर केली. इटलीसाठी असावीत.

दीपगृहापाशी वारा मोठा होता. आई खाली उतरली, पायऱ्यांपर्यंत चालत गेली, भिंतीला हात लावून परत आली. "एवढंच होतं होय," म्हणाली. पण तिचे डोळे काही वेगळंच सांगत होते.

बाबांनी सवयीनं गुडघ्यावर हात टेकले आणि मॅडमखाली वाकून पाहिलं. दगडी फरशी कोरडी होती. ते सरळ झाले तेव्हा त्यांच्या उघड्या चेहऱ्यावरची हुरहुर लपवायला आता मिशीही नव्हती. त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

आईनं ते पाहिलं. पर्स उघडली, पुडी बाजूला सारली आणि कानाच्या औषधाची बाटली काढली. गुडघे दुखत असताना ती सवतीशेजारी खाली बसली, या वेळी चष्मा लावून, आणि फरशीवर थेंब सोडू लागली. बाबाही तिच्याशेजारी बसले आणि मोठ्यानं मोजू लागले.

सातव्याला ते थांबले. आईनं आठवा टाकला, कारण तिला टाकायचा होता.